काचेवरचे दोन आकडे

लास वेगासच्या एखाद्या कॅसिनोत व्हिडिओ पोकरची दोन मशीन शेजारी शेजारी उभी असतात. बटणं तीच, खुर्च्या त्याच, एका डावाची किंमतही तीच. फरक असतो पडद्याच्या वरच्या भागातल्या बक्षिसांच्या तक्त्यात, आणि तोही दोनच आकड्यांचा. एका मशीनवर फुल हाउसला ९ आणि फ्लशला ६ असं लिहिलेलं असतं. दुसऱ्यावर ८ आणि ५. नवखा पाहुणा हे आकडे वाचत नाही. मोकळी खुर्ची दिसली की बसतो. पहिल्या मशीनवर बिनचूक खेळणाऱ्याला दर १०० डॉलरच्या खेळामागे सरासरी ४६ सेंट मोजावे लागतात. दुसऱ्यावर २ डॉलर ७० सेंट. हातभर अंतरावर तोच खेळ जवळजवळ सहापट महाग होतो.

स्लॉट मशीनवर हा भाव कळायला मार्ग नसतो. चाकावर कोणतं चित्र किती वेळा थांबणार हे आतल्या प्रोग्रामला ठाऊक. खेळणाऱ्याला फक्त दिवे दिसतात. व्हिडिओ पोकरमध्ये मात्र पत्ते ५२ आणि बक्षिसांचा तक्ता डोळ्यांसमोर. ज्याला गणिताची आवड आहे त्याला पूर्ण हिशेब मांडता येतो. म्हणूनच गेली चाळीसएक वर्षं काही जाणते खेळाडू याला कॅसिनोतला सगळ्यात उघडा व्यवहार मानत आले आहेत. त्याच काळात कॅसिनोंनी या खेळाडूंच्या हातात प्लास्टिकचं एक कार्ड ठेवलं. खेळाडू मशीनचा हिशेब शिकला, आणि त्या कार्डामुळे कॅसिनो खेळाडूचा हिशेब शिकला.

मराठी घरांना लास वेगास आता अनोळखी नाही. अमेरिकेत मुलांकडे गेलेल्या आईवडिलांच्या ग्रँड कॅनियन सहलीत तिथे एक-दोन रात्रींचा मुक्काम बहुधा असतोच. विमानतळावर सामान हाती येण्याआधीच मशीन दिसू लागतात. गंमत म्हणून वीस डॉलर घालून बघणारे पुष्कळ. त्यांच्यापैकी प्रत्येकाला हे दोन हिशेब ठाऊक असायला हवेत.

कॅट पुरा, तक्ता अपुरा

या खेळाचा मूळ प्रकार म्हणजे ‘जॅक्स ऑर बेटर’, आपल्या भाषेत ‘गुलामाची किंवा त्याहून मोठी जोडी’. बटण दाबलं की पडद्यावर पाच पानं येतात. हवी ती ठेवायची, नको ती टाकायची. टाकलेल्या पानांच्या जागी नवी पानं एकदाच मिळतात आणि डाव संपतो. समोर दुसरा खेळाडू नाही, चेहरा निर्विकार ठेवायची गरज नाही. गुलाम, राणी, राजा किंवा एक्का यांची जोडी लागली तर लावलेले पैसे परत. दोन जोड्यांना दुप्पट, तीन सारख्या पानांना तिप्पट, ओळीने पाच पानांना चौपट. पाचही पानं बदामची किंवा पाचही किलवरची आली तर तो फ्लश. तीन सारखी आणि वर एक जोडी, हा फुल हाउस. चार सारख्या पानांना पंचवीसपट, एकाच रंगाच्या सलग पाच पानांना पन्नासपट. आणि एकाच रंगाचे दश्शी, गुलाम, राणी, राजा, एक्का जमले तर रॉयल फ्लश: पाच नाणी लावली असतील तर ४,००० नाणी, म्हणजे आठशेपट.

पाचाऐवजी एकच नाणं लावलं तर हाच रॉयल अडीचशेपटीवर येतो. जपून खेळायचं म्हणून एकेक नाणं लावणारा माणूस त्यामुळे एक टक्क्याहून जास्त परतावा गमावतो. त्यापेक्षा कमी किमतीच्या नाण्याचं मशीन शोधून पाच नाणी लावणं शहाणपणाचं, असं सगळे अनुभवी खेळाडू सांगतात.

पत्त्यांचं यंत्र ही कल्पना संगणकाहून खूप जुनी आहे. १८९१ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात सिटमन आणि पिट यांच्या कंपनीने पाच फिरत्या नळकांड्यांवर पत्ते लावलेलं यंत्र बनवलं. त्यात पत्ते ५० होते. बहुधा इस्पिकची दश्शी आणि बदामचा गुलाम ही दोन पानं काढून टाकलेली असत, त्यामुळे रॉयल फ्लश लागण्याची शक्यता निम्म्यावर येई. बक्षीस म्हणून बारमालक बिअर किंवा सिगार देत असे.

पडद्यावरचं पोकर आलं ते १९७० च्या दशकात. सिलास ऊर्फ ‘साय’ रेड हा मिसिसिपीतून आलेला यंत्रविक्रेता तेव्हा बॅली या बड्या स्लॉट कंपनीशी जोडलेला होता. बॅलीला पडद्यावरच्या खेळात भवितव्य दिसेना. रेडने त्याचे हक्क स्वतःकडे ठेवले आणि १९७९ मध्ये आपल्या कंपनीतर्फे ‘ड्रॉ पोकर’ बाजारात आणलं. हीच कंपनी पुढे आयजीटी या नावाने जगभर पसरली. सुरुवातीच्या यंत्रात दोन जोड्या जमल्याशिवाय काहीच परत मिळत नसे. गुलामाच्या जोडीला पैसे परत द्यायला सुरुवात झाली आणि लोक खुर्चीवरून उठेनासे झाले.

ब्रुकलिनची युक्ती आज नेवाडात चालत नाही. यंत्रावर पत्ते दाखवले असतील तर प्रत्येक पान येण्याची शक्यता खऱ्या, नीट पिसलेल्या कॅटइतकीच असली पाहिजे, असा तिथला नियम आहे. त्यामुळे कॅसिनोला कॅटमधून पान काढता येत नाही. कमाई वाढवायची तर हात घालायला जागा एकच उरते, बक्षिसांचा तक्ता.

आणि कॅसिनोंनी तिथे हात घातला. ‘नऊ-सहा’च्या तक्त्यावर बिनचूक खेळाचा परतावा ९९.५४ टक्के. ‘आठ-पाच’वर तो ९७.३० टक्के होतो, ‘सात-पाच’वर ९६.१५ आणि ‘सहा-पाच’वर ९५ टक्के. पाव डॉलरची पाच नाणी, म्हणजे सव्वा डॉलरचा एक डाव धरला आणि तासाला ६०० डाव झाले, तर तासात ७५० डॉलरचा खेळ होतो. नऊ-सहावर त्या तासाची सरासरी किंमत साडेतीन डॉलर, आठ-पाचवर वीस डॉलर, सहा-पाचवर साडेसदतीस डॉलर. पडद्यावरचे पत्ते तिन्ही ठिकाणी तितकेच खरे असतात.

हातातला फ्लश फेकताना

वर जो ‘बिनचूक’ शब्द आला, त्याची परीक्षा एका डावात बघू.

पडद्यावर बदामचा एक्का, राजा, राणी, गुलाम आणि बदामचीच चौकी आली आहे. पाचही पानं बदामची, म्हणजे फ्लश तयार. काही न करता ३० नाणी खिशात. घरच्या रमीत कुणी असा हात मोडला तर बाकीचे त्याला वेड्यात काढतील. जाणता खेळाडू इथे चौकी टाकतो.

त्याचा हिशेब असा. कॅटमध्ये ४७ पानं उरली आहेत. त्यातलं एक पान, बदामची दश्शी, आलं तर रॉयल फ्लश आणि ४,००० नाणी. बदामची आणखी सात पानं आहेत. त्यातलं कोणतंही आलं तरी पुन्हा फ्लश, ३० नाणी. बाकीच्या तीन दश्श्यांपैकी एक आली तर ओळ पुरी होते, २० नाणी. एक्का, राजा, राणी, गुलाम यांची उरलेली बारा पानं आहेत. त्यातलं एक आलं तर जोडी, लावलेली ५ नाणी परत. उरलेल्या चोवीस पानांवर हाती शून्य. या साऱ्याची बेरीज ४,३३० नाणी. ४७ ने भागली की सरासरी ९२ नाणी येतात. खात्रीची ३० एका बाजूला, सरासरीची ९२ दुसऱ्या बाजूला.

गणित स्पष्ट आहे, तरी बोट अडखळतं. कारण ४७ पैकी २४ वेळा, म्हणजे निम्म्याहून जास्त वेळा, हातातला फ्लश जाऊन काहीच येत नाही. अशा वेळी झालेल्या तोट्याला चूक न मानणं, हे या खेळातलं सगळ्यात अवघड शिक्षण. याच्या उलटची चूकही नेहमीची: छोटी जोडी हातात असताना ‘बरोबर असू दे’ म्हणून एक्काही धरून ठेवायचा. तो एक्का तिसरं पान मिळण्याची वाट अडवतो.

अशा निर्णयांचे तक्ते काही लोकांनी बसून तयार केले. अवकाश उद्योगातून निवृत्त झालेले अभियंते लेनी फ्रोम यांनी त्यांचा पाया घातला. विमागणिती मायकेल शॅकलफर्ड यांनी वेगवेगळ्या तक्त्यांचे परतावे सगळ्यांना पाहता येतील असे मांडले. पाच पानांचे २५,९८,९६० वेगवेगळे हात येऊ शकतात आणि प्रत्येक हात ३२ प्रकारे धरता किंवा टाकता येतो. त्या प्रत्येकाचं उत्तर आज उपलब्ध आहे.

सातातल्या सहा जणांची सहल

९९.५४ हा आकडा ऐकून हुरळून जाण्याआधी एक गोष्ट समजून घ्यायला हवी. त्यातला जवळजवळ दोन टक्क्यांचा हिस्सा एकट्या रॉयल फ्लशचा असतो आणि रॉयल येतो सरासरी चाळीस हजार डावांतून एकदा. तासाला ६०० डाव धरले तर सुमारे ६७ तासांतून एकदा.

दोन दिवसांच्या मुक्कामात कुणी दहा तास खेळला तरी ६,००० डाव होतात. त्यात रॉयल लागण्याची शक्यता सातात एक. उरलेल्या सहा जणांसाठी मशीनचा परतावा प्रत्यक्षात साडेसत्त्याण्णव टक्क्यांच्या आसपास राहतो आणि दहा तासांत ते सरासरी १८० डॉलर गमावून परततात. तेही चांगल्या तक्त्यावर, एकही चूक न करता. निम्म्याहून जास्त डावांत काहीच मिळत नाही हेही लक्षात ठेवावं. चार सारखी पानं सव्वाचारशे डावांतून एकदा येतात. ती दोनदा हुकली की पुढच्या तासाभरात पाकीट पातळ होतं.

यावर मात करणारे खेळाडू झाले नाहीत असं नाही. ‘ड्यूसेस वाइल्ड’ नावाच्या प्रकारात दुर्री कोणत्याही पानाची जागा घेते. या प्रकाराच्या सगळ्यात चांगल्या तक्त्याचा परतावा १००.७६ टक्के आहे, म्हणजे खेळाडूच्या बाजूने. पाव डॉलरच्या मशीनवर या फायद्याचे तासाला होतात पावणेसहा डॉलर. त्याच हॉटेलच्या भटारखान्यात भांडी घासणाऱ्याची मजुरी याहून जास्त असते. तो तक्ताही आता लास वेगासच्या स्थानिक वस्तीतल्या मोजक्या कॅसिनोंत, मोजक्या मशीनवर उरला आहे.

माजी शिक्षिका जीन स्कॉट यांनी वेगळी वाट धरली. चांगला तक्ता, बिनचूक खेळ आणि त्यावर कॅसिनोकडून मिळणाऱ्या मोफत खोल्या, जेवणं, कूपन यांचा काटेकोर मेळ. १९९८ मध्ये आलेल्या त्यांच्या ‘द फ्रुगल गॅम्बलर’ या पुस्तकाने हजारो साध्या खेळाडूंना काटकसर शिकवली. बॉब डान्सर १९९३ मध्ये ६,००० डॉलर घेऊन लास वेगासला आले आणि २०००–०१ मध्ये सहा महिन्यांत एमजीएम ग्रँड कॅसिनोत व्हिडिओ पोकरवर दहा लाख डॉलरहून जास्त जिंकले. त्यामागे अनेक वर्षांचा अभ्यास, बक्षीस योजनांचं बारीक वाचन, मोठं भांडवल आणि नशिबाची साथ होती. या दोघांच्या यशाचा अर्धा भाग मशीनच्या काचेवर सापडतो. दुसरा अर्धा सापडतो कार्डात.

कार्डाचा जन्म

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अटलांटिक सिटीत आणि मग नेवाडात ‘स्लॉट क्लब’ सुरू झाले. तोपर्यंत मानपान होता टेबलावर मोठ्या रकमा लावणाऱ्या शेठ लोकांचा. मशीनवर बसणाऱ्या आजीबाईंकडे कुणी बघत नसे. क्लबने त्यांना कार्ड दिलं. मशीनमध्ये ते घालायचं, त्याची वळणावळणाची दोरी कपड्याला अडकवायची, म्हणजे उठताना विसरत नाही. जितका खेळ तितके गुण. गुणांवर जेवण, खोली, भेटवस्तू.

या कल्पनेचं शास्त्र केलं गॅरी लव्हमन यांनी. हार्वर्ड बिझनेस स्कूलचे हे प्राध्यापक १९९८ मध्ये हॅराज या कॅसिनो कंपनीत आले. कंपनीकडे कार्डांमुळे जमलेली माहिती पडून होती. ती तपासल्यावर दिसलं की २६ टक्के ग्राहक ८२ टक्के महसूल देतात. हे ग्राहक म्हणजे लिमोझिनमधून उतरणारे धनिक नव्हते. निवृत्त शिक्षक, डॉक्टर, बँक कर्मचारी, कारखान्यातले कारागीर, असे मध्यमवयीन आणि वयस्कर लोक ते होते. बहुतेक जण हॉटेलात राहतही नसत. कामावरून घरी जाताना वाटेत थांबत.

लव्हमन यांनी २००३ मध्ये ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त आपल्या एका प्रयोगाची हकिगत लिहिली. मिसिसिपी राज्यातल्या नियमित खेळणाऱ्यांचे दोन सारखे गट केले. एकाला नेहमीची १२५ डॉलरची भेट दिली: मोफत खोली, दोन जेवणं, ३० डॉलरच्या चिप्स. दुसऱ्याला फक्त ६० डॉलरच्या चिप्स. निम्म्या किमतीची दुसरी भेट मिळालेले लोक जास्त खेळले. कार्डांच्या पायऱ्याही विचारपूर्वक रचल्या गेल्या. वरच्या पायरीच्या लोकांची रांग लहान, आणि ती लहान रांग बाकीच्यांना सतत दिसेल अशी. आपणही तिथे उभं राहावं, ही इच्छा त्यांच्या मनात रुजावी यासाठी.

हीच योजना ‘टोटल रिवॉर्ड्स’ नावाने वाढली आणि २०१९ पासून ‘सीझर्स रिवॉर्ड्स’ झाली. २०१५ मध्ये सीझर्सच्या, म्हणजे नाव बदललेल्या हॅराजच्या, मुख्य उपकंपनीचं दिवाळं निघालं, तेव्हा साडेचार कोटी सदस्यांच्या या योजनेची किंमत सुमारे १ अब्ज डॉलर धरली गेली. कंपनीकडे लास वेगासच्या मुख्य रस्त्यावरच्या इमारती होत्या, तरी ग्राहकांच्या सवयींची ही वही त्यांच्या तोडीची ठरली.

कॅसिनो भेटी कशाच्या आधारे देतो, हे प्रत्येक पाहुण्याने समजून घ्यायला हवं. हिशेब सरळ आहे: एका डावाची रक्कम, तासाला किती डाव, किती तास, आणि त्या खेळात कॅसिनोची टक्केवारी. चारही गुणले की त्या माणसाकडून अपेक्षित असलेला तोटा निघतो. कॅसिनोच्या भाषेत याला ‘थिओ’ म्हणतात. त्याचा काही हिस्सा जेवण, खोली, मोफत खेळ (फ्री प्ले) यांच्या रूपाने परत येतो. पाहुणा त्या दिवशी जिंकला की हरला, याला फारसं महत्त्व नसतं. मोफत मिळालेल्या रात्रीचे पैसे त्याने आधीच भरलेले असतात, किंवा पुढे भरेल असा अंदाज असतो.

हिऱ्याची किंमत

सीझर्स रिवॉर्ड्सच्या प्रसिद्ध नियमांवरून एक हिशेब मांडून बघू. स्लॉटवर ५ डॉलरच्या खेळाला एक गुण, व्हिडिओ पोकरवर मात्र १० डॉलरच्या खेळाला एक. ‘डायमंड’ पायरीसाठी वर्षाला १५,००० गुण लागतात. एका दिवसात फार मोठा खेळ करणाऱ्याला मिळणारे जादा गुण बाजूला ठेवले, तर व्हिडिओ पोकर खेळणाऱ्याला दीड लाख डॉलरचा खेळ करावा लागतो. पाव डॉलरच्या मशीनवर हे १,२०,००० डाव, सुमारे २०० तास.

नऊ-सहाचा तक्ता आणि बिनचूक खेळ असेल तर या २०० तासांची सरासरी किंमत ६९० डॉलर. आठ-पाचवर ४,०५०. सहा-पाचवर ७,५००. बदल्यात १५,००० गुणांचे, शंभराला एक डॉलर या दराने, दीडशे डॉलर होतात. शिवाय खोलीच्या भाड्यावर लागणारी रिसॉर्ट फी माफ, रांगेत मान आणि घरी येणाऱ्या सवलतीच्या खोल्यांची पत्रं. वर्षातून अनेकदा जाणाऱ्याला ६९० डॉलरमध्ये हे कदाचित परवडेल. साडेसात हजारांत कुणालाच परवडत नाही. त्या पैशांत स्वतःच्या खिशातून खोली घेऊन, चांगलं जेवून, वर पैसे उरतात.

व्हिडिओ पोकरला गुण निम्मे का, याचं उत्तरही इथेच आहे. जाणता खेळाडू मशीनवर फार कमी हरतो, म्हणून त्याला परत करायलाही फार काही नसतं. त्याच कारणाने चांगले तक्ते मुख्य रस्त्यावरच्या चकचकीत कॅसिनोंतून हळूहळू हलले. ते जास्त दिसतात स्थानिक लोकांच्या वस्तीतल्या कॅसिनोंत, किंवा मोठ्या रकमेच्या मशीनवर.

सगळ्यात धोक्याची जागा वर्षाच्या शेवटी येते. पायरी गाठायला दोन हजार गुण कमी पडत असतात. आणखी वीस हजार डॉलरचा खेळ केला की झालं, असा विचार मनात येतो. आठ-पाचच्या मशीनवर त्या वीस हजारांची सरासरी किंमत ५४० डॉलर आहे. ‘गुणांसाठी’ खेळलेला प्रत्येक डाव मुळात खेळायचाच नव्हता.

झोन

मानववंशशास्त्रज्ञ नताशा डाउ शुल यांनी अनेक वर्षं लास वेगासच्या रहिवासी खेळाडूंबरोबर घालवली आणि २०१२ मध्ये ‘अ‍ॅडिक्शन बाय डिझाइन’ हे पुस्तक लिहिलं. त्यांना भेटलेल्या अनेकांचा खेळ व्हिडिओ पोकरच होता. सरावलेले लोक तासाला ९०० ते १,२०० डाव खेळत. जिंकणं हा हेतू कधीच मागे पडलेला असे. त्यांना हवा होता तो ‘झोन’: वेळ, पैसा, घर, शरीर, कशाचंच भान न उरण्याची अवस्था. रॉबर्ट ब्रीन यांच्या अभ्यासात मशीनवर खेळणारे लोक सरासरी वर्षभरात व्यसनाच्या टोकाला पोचलेले दिसले. इतर जुगारांत हाच प्रवास साडेतीन वर्षांचा होता.

व्हिडिओ पोकरमध्ये निर्णय घ्यावे लागतात, त्यामुळे ‘हा जुगार नाही, कौशल्य आहे’ असं स्वतःला समजावणं सोपं जातं. कौशल्य खरं आहे. पण ९९.५४ टक्क्यांच्या मशीनवर दुप्पट वेगाने खेळलं की तोटा दुप्पट होतो. कार्डही अशा वेळी तटस्थ राहत नाही. किती पैसे गेल्यावर अमुक ग्राहक नाराज होऊन उठतो, याचा अंदाज हॅराजच्या यंत्रणेने बांधला होता. ती वेळ जवळ आली की ‘लक अ‍ॅम्बॅसडर’ म्हणून नेमलेली व्यक्ती हसतमुखाने येऊन जेवणाचं कूपन देई. ते कूपन मिळालेल्याला वाटे, कुणीतरी आपली विचारपूस केली.

मांडवीवर आल्यावर

अमेरिकेत मशीनवर मोठा जॅकपॉट लागला की पडदा थांबतो, कर्मचारी येतो, करविषयक कागद भरावा लागतो. अनेक वर्षं ही मर्यादा १,२०० डॉलर होती. २०२६ पासून ती २,००० झाली आहे. भारतातून गेलेल्या पाहुण्याच्या अशा रकमेतून ३० टक्के कर जागेवरच कापला जातो. डॉलरच्या मशीनवर ४,००० डॉलरचा रॉयल लागला तर हाती २,८०० येतात. रॉयलचा दोन टक्क्यांचा हिस्सा धरूनच तर ९९.५४ चा आकडा बनतो. तो रॉयलच असा कापला गेला की आपल्या पाहुण्यासाठी मशीनचा परतावा ९९ टक्क्यांच्या खाली जातो.

गोव्यात चित्र आणखी वेगळं आहे. जुगारविषयक कायद्याच्या १९९२ च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांना परवानगी मिळाली, १९९६ मध्ये पाण्यावरच्या जहाजांवर टेबलांना. पणजीत मांडवीच्या पात्रात दिव्यांनी उजळलेली जहाजं उभी असतात आणि शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याहून आलेल्या तरुणांची रांग लागते. खुद्द गोवेकरांना २०२० च्या फेब्रुवारीपासून कॅसिनोत प्रवेश बंद आहे. महाराष्ट्राने १९७६ मध्ये कॅसिनोंचा कायदा केला, पण तो कधी अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये सरकारने तो रद्द करण्याचा निर्णय घेतला.

जहाजावर जाण्यासाठी पॅकेज घ्यावं लागतं: प्रवेश, जेवण, पेय आणि काही ‘वन टाइम प्ले’ कूपन. हे कूपन डावावर लावता येतं, रोख करून मिळत नाही. त्याहून मोठी गोष्ट कराची. १ ऑक्टोबर २०२३ पासून चिप्स घेताना दिलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के आहे. जिंकलेल्या रकमेवरचा ३० टक्के आयकर वेगळाच. अर्ध्या टक्क्याची बचत करण्यासाठी तक्ते पाठ करणारा लास वेगासचा खेळाडू या आकड्यांपुढे हात टेकेल. बोटीवरची संध्याकाळ जेवण, संगीत आणि गंमत म्हणून विकत घ्यावी. तिथे कौशल्याने पैसे निघतील अशी आशा धरण्यात अर्थ नाही. मोबाइलवर पैसे लावून असा खेळ खेळणं तर २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने बंदच केलं आहे.

ज्यांना अमेरिकेच्या सहलीत एखादी रात्र मशीनसमोर बसायचं आहे, त्यांनी घालवायची रक्कम खोलीतून निघतानाच ठरवावी आणि बँकेचं कार्ड तिथेच ठेवावं. कॅसिनोचं कार्ड घ्यायला हरकत नाही, ते फुकट असतं. पण त्यावरच्या गुणांसाठी एकही जादा डाव खेळू नये. बसण्याआधी तक्त्यात फुल हाउस आणि फ्लशसमोरचे आकडे वाचावेत. तिथे नऊ आणि सहा नसतील तर पुढच्या मशीनकडे जावं. ठरवलेली रक्कम संपल्यावरही उठवत नसेल, किंवा घरी परतल्यावर तोच पडदा डोळ्यांसमोर येत असेल, तर घरच्यांशी बोलावं. भारतात ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही सरकारी हेल्पलाइन चोवीस तास मोफत सुरू असते आणि तिच्यावर मराठीत बोलता येतं.